उकिरड्याचे पांग कोण फेडणार?

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. लहानपणी आजी ती कुणाच्या तरी उशिरा जमलेल्या लग्नासंबंधी किंवा लांबलेल्या नोकरीसंबंधी वापरी. उकिरडा म्हणजे अगदी शेवटची पायरी. त्याचे जर दैव फिरते तर माणसाचे का फिरू नये, असा तिचा भाव. पुढे लक्षात आले की, खेड्यातल्या उकिरड्याला बारा वर्षे थांबण्याची गरजच नसे. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, पालापाचोळा, ताटातले उष्टे, सारे वर्षभर त्यात पडे आणि मृगाच्या आधी गाडीत भरून शेतात जाई. त्याचे पांग दरसाल फिटत. ज्याचे पांग पिढ्यान्‌पिढ्या फिटत नाहीत तो उकिरडा शहराचा आहे.

या शहरी उकिरड्याला आता चांगले दिवस येणार, असे आपण गेली काही वर्षे ऐकतो आहोत. कचऱ्यापासून वीज तयार होणार. घाण जाईल, प्रदूषण हटेल आणि वर दिवेही लागतील. एका दगडात तीन पक्षी! मी कलाशाखेची विद्यार्थिनी आहे. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही या प्रश्नावर लिहिण्याचे धाडस करते आहे, कारण जितके वाचले तितके मला असे वाटू लागले की, या विषयातला यंत्राचा भाग बराचसा सुटलेला आहे. न सुटलेला भाग माणसांचा आहे, आणि तो आपल्या अभ्यासक्रमात येतो.

प्रथम आपल्या पुण्याच्या कचऱ्याचा प्रवास पाहू. एके काळी शहराचा कचरा कोथरूडच्या डेपोत जाई. तेव्हा कोथरूड शहराबाहेर होते. मग शहर तिथवर पोहोचले, बंगले आणि सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि तिथल्या रहिवाशांना साहजिकच वास नकोसा झाला. १९९० नंतरच्या काळात कचऱ्याच्या गाड्या पूर्वेकडे वळल्या, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात. कोथरूडच्या त्या जागेवर आज वनाजचा मेट्रो डेपो आहे. म्हणजे एका उकिरड्याचे पांग खरोखरच फिटले. मात्र ते फेडण्यासाठी दुसऱ्या दोन गावांना उकिरडा व्हावे लागले.

माझ्या मावशीचे सासर त्याच पट्ट्यातले. लहानपणी सुटीत तिच्याकडे जायचे तर माझ्या मनात एकच धास्ती असे, ती म्हणजे माशांची. ताट वाढले की त्यावर दुसरे ताट पालथे घालायचे, घास घेण्यापुरते उचलायचे आणि पुन्हा झाकायचे. विहीर होती, पण तिचे पाणी कुणी पीत नसे. टँकर आला की हंडे घेऊन धावपळ उडे. एकदा मी तोंड वाकडे केले तेव्हा मावशी हसत म्हणाली, "अगं, नाक काय मुरडतेस? तुझ्याच घरच्या भाजीची देठं आलीत इथं मुक्कामाला!" त्या वेळी मला ती थट्टा वाटली. आता ती आठवली की मान खाली जाते.

एप्रिल २०१७ मध्ये उरुळीच्या डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन आठवड्यांहून अधिक काळ शहराचा कचरा शहरातच राहिला. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या कोपऱ्यावरची कुंडी भरून रस्त्यावर सांडली, आणि गल्लीतली जाणती माणसे गावकऱ्यांच्या अडेलपणाविषयी बोलू लागली. जे त्यांनी पंचवीसएक वर्षे सोसले ते आम्हाला पंचवीस दिवसही सोसवेना. अर्थशास्त्राच्या तासाला सर 'बाह्य परिणाम' ही संकल्पना शिकवतात : एकाच्या व्यवहाराची किंमत व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याने मोजायची. फळ्यावरची ती व्याख्या मला मावशीच्या पालथ्या ताटासारखी दिसते.

आता विजेकडे वळू. कचऱ्यापासून वीज करण्याचे प्रमुख मार्ग दोन. एक जाळण्याचा, दुसरा कुजवण्याचा. पहिल्यात कचरा मोठ्या भट्टीत जाळतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाईन फिरते आणि वीज निघते. दुसऱ्यात ओला कचरा हवाबंद टाकीत कुजवतात, जिवाणू त्यातून मिथेनयुक्त वायू काढतात आणि त्या वायूवर इंजिन चालते. हा दुसरा मार्ग म्हणजे आपल्या ओळखीच्या गोबरगॅसचा थोरला भाऊ. तो आपल्याला नवाही नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणारा वायू गोळा करून वापरण्याचा प्रयोग झाला होता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे सोनखत करण्यासाठी आयुष्य वेचले. देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या जैववायूच्या टाक्या लोकांच्या अंगणात नेल्या. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. घाणीतून उजेड काढणारी ही परंपरा आपल्या मातीतलीच आहे.

मग अडते कुठे? याचे उत्तर दिल्लीच्या तिमारपूरने १९८७ मध्येच देऊन ठेवले आहे. तिथे डेन्मार्कच्या तंत्राने कोट्यवधी रुपये खर्चून कचरा जाळून वीज करण्याचा कारखाना उभा केला. क्षमता रोज ३०० टन कचऱ्याची, वीज पावणेचार मेगावॅट. तो जेमतेम तीन आठवडे चालला. यंत्र वाईट होते म्हणावे तर तसे नव्हते. युरोपातल्या कचऱ्यात कागद, पुठ्ठे, वेष्टने जास्त. तो भुरूभुरू जळतो. आपल्या कचऱ्यात भाजीची देठे, आंब्याच्या साली, उरलेली आमटी आणि झाडलोटीची माती. शिवाय कागद-पुठ्ठा आधीच भंगारवाल्याकडे गेलेला. जो कचरा जळावा म्हणून भट्टी बांधली त्याचा उष्मांक अपेक्षेच्या निम्म्यानेही भरला नाही. ओली लाकडे चुलीत घालून पाहिलेल्या कोणत्याही बाईने हे भाकीत फुकटात केले असते!

ओला कचरा भट्टीत गेल्याने नुसती वीजच कमी होते असे नाही. प्लॅस्टिक, विशेषतः क्लोरीन असलेले प्लॅस्टिक, अपुऱ्या उष्णतेत जळले की डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात. ती होऊ नयेत म्हणून भट्टीतला वायू किमान ८५० अंश सेल्सिअस तापमानात दोन सेकंद तरी राहिला पाहिजे, असा युरोपातला दंडक आहे. ओल्या कचऱ्यातले पाणी हीच उष्णता खाऊन टाकते. म्हणजे माझ्या घरी केळीच्या सालीत गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी त्या भट्टीत दोन गुन्हे एकदम करते : साल आग विझवते आणि पिशवी विष सोडते. धुराड्याला चांगल्या गाळण्या लावता येतात, लावल्याही पाहिजेत. तरी राख उरतेच, आणि ती वजनाने मूळ कचऱ्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास किंवा अधिकही असते. तिलाही कुठे तरी पुरावेच लागते. ते 'कुठे तरी' कुणाच्या गावात, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

यावर कुणी म्हणेल की, हा सूर नकाराचा झाला. मग कचरा उघड्यावर सडू द्यायचा काय? मुळीच नाही. डेपोवर दडपून पडलेला ओला कचरा आतल्या आत कुजतो आणि मिथेन सोडतो. हा वायू वातावरण तापवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक प्रभावी आहे. डेपो पेट घेतात, त्यालाही तोच कारण होतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनारला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला होता. वर पाऊस पडला की ढिगातून काळे पाणी झिरपून विहिरींत उतरते ते वेगळेच. तेव्हा उघडा डेपो हा सर्वांत वाईट पर्याय, याविषयी दुमत असू नये. ज्याला सुक्यातलेही भंगारात जाण्याजोगे नाही तेवढेच, पुरेशा उष्णतेत आणि डोळ्यांत तेल घालून जाळावे, याला माझा विरोध नाही. आपल्या शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला असा प्रकल्प उभा राहिला असून ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. रोज ७०० टन कचरा आणि १४ मेगावॅट वीज अशी त्याची क्षमता आहे.

पण या १४ मेगावॅटचा अर्थ नीट समजून घ्यावा. महाराष्ट्राची विजेची कमाल मागणी आज २५ हजार मेगावॅटच्या पुढे जाते. म्हणजे एवढ्या मोठ्या नगरीचा कचरा जाळून राज्याच्या गरजेचा सतराशे-अठराशे भागांतला जेमतेम एक भाग भागतो. कचरा हा आपल्या विजेच्या प्रश्नाचा तोडगा नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. हा हिशेब न सांगता 'कचऱ्यातून वीज' ही घोषणा दिली की एक वाईट गोष्ट घडते : लोकांना वाटू लागते, जितका कचरा जास्त तितकी वीज जास्त, मग कमी कशाला करा? कचरा हे इंधन झाले की तो टाकण्याची लाज उरत नाही. आणि भट्टीला रोज ठराविक टन खाऊ लागतो, तिचे पोट भरायलाच हवे, मग वेगळे काढण्याजोगे कागद-प्लॅस्टिकही तिच्या तोंडी जाण्याची भीती असते.

हे कागद-प्लॅस्टिक कुणाचे आहे, याचा विचार आपण करतो काय? पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कष्टकऱ्यांची सहकारी संस्था निघाली आणि कुंडीत वाकून वेचणाऱ्या बाया घराघरांतून कचरा नेऊ लागल्या. यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. ज्या काळी आपण सुशिक्षित मंडळी 'रिसायकलिंग' हा शब्द शिकलोही नव्हतो, त्या काळी याच बाया तो धंदा पाठीवरच्या पोत्यात घेऊन फिरत होत्या. त्यांच्या हातांनी जो पुठ्ठा पुन्हा पुठ्ठा होऊ शकतो तो जाळून वीज करणे म्हणजे सागवानी दरवाजा फोडून चहा उकळण्यासारखे आहे. शिवाय त्या चहाची किंमत एका बाईची रोजची भाकरी! २०१६ च्या घनकचरा नियमांनीही हेच सांगितले होते की, ज्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्याचा उष्मांक किलोला १५०० किलोकॅलरी वा अधिक आहे, त्याचाच उपयोग ऊर्जेसाठी करावा. नियम शहाणा आहे. तो पाळला जाणे मात्र सर्वस्वी एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे घरातल्या दोन बादल्या.

इंदूरचे उदाहरण यासाठीच घेण्याजोगे आहे. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७ हजार किलो वायू इंधन काढण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. त्याचे कौतुक सर्वत्र झाले. पण त्याआधीची काही वर्षे त्या शहराने दारोदार कचरा वेगळा घेण्याची शिस्त लावण्यात घालवली होती, हे आपण विसरतो. आपल्याकडे क्रम उलटा झाला. पुण्यात २०१० च्या सुमारास ठिकठिकाणी रोज ५ टन क्षमतेचे छोटे जैववायू प्रकल्प उभे राहू लागले. कल्पना फार चांगली होती : त्या भागाचा कचरा त्याच भागात जिरवायचा, निघालेल्या विजेवर रस्त्यातले दिवे लावायचे. काही प्रकल्प चालले, काही रखडले. त्या टाकीला काय लागते? नुसते अन्न. आपण तिला काय देतो? अन्नासोबत दोरे, नारळाच्या करवंट्या, पिशव्या, क्वचित फुटक्या बशाही. गाईच्या पोटात प्लॅस्टिक गेले की ती फुगून मरते हे आपल्याला ठाऊक आहे. या टाकीचेही पोट गाईसारखेच असते.

"आम्ही कर भरतो, वेगळे करणे हे पालिकेचे काम," असे पुष्कळदा ऐकू येते. आमच्या घरीही ऐकू येते! यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. वेगळा दिलेला कचरा पुढे एकाच गाडीत ओतलेला दिसला की माणसाचा उत्साह मावळतो, आणि त्याचा जाब विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे. परंतु जाब विचारणाऱ्याचे हात आधी स्वच्छ हवेत. शिवाय साधा व्यवहार पाहा. भाताच्या शितांतून पिशवी वेगळी ठेवायला स्वयंपाकघरात एक क्षण लागतो. तीच पिशवी दहा तास सडल्यावर, दुसऱ्या कुणाच्या तरी उघड्या हातांनी वेगळी करायची म्हणजे किती घाण, किती रोग आणि किती अपमान! माझा एक क्षण वाचवण्यासाठी मी हे सारे दुसऱ्याच्या हाती देते. जातिव्यवस्थेवर आपण निबंध लिहितो, वक्तृत्व स्पर्धा जिंकतो; पण आपली घाण दुसऱ्याने उपसावी ही तिची मूळ धारणा आपल्या कचऱ्याच्या डब्यात अजून शाबूत आहे, असे मला वाटते.

आता थोडे आपल्या महाविद्यालयाकडे. वसतिगृहाच्या मेसमागे रोज दोन पिंपे उष्ट्याने भरतात, कँटीनचे वेगळे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी अशाच ओल्या कचऱ्यासाठी एक पद्धत विकसित केली. कचरा वाटून त्याचा लगदा करायचा, आधी एका टाकीत हवा आणि उष्णता देऊन तो मऊ कुजवायचा आणि मग हवाबंद टाकीत सोडायचा. वायू मिळतो, आणि मागे उरते ते उत्तम खत. साधारण एक टन अन्नाच्या कचऱ्यातून शंभरेक घनमीटर वायू मिळतो, असा ढोबळ हिशेब धरतात. आपल्या मेस-कँटीनचा ओला कचरा रोज पन्नास किलो धरला तर पाच घनमीटर वायू होतो, म्हणजे स्वयंपाकाचा दोन किलोंहून थोडा अधिक गॅस. घरगुती सिलिंडर १४.२ किलोंचे असते. आठवड्याला जवळजवळ एक सिलिंडर वाचते. इतक्या लहान प्रमाणावर विजेचा हट्टही धरू नये. वायूची वीज करताना इंजिनात दोन-तृतीयांश उष्णता वाया जाते. तोच वायू शेगडीत जाळला तर त्याहून बराच अधिक कामी येतो. आपल्या पोळ्या आपल्याच उष्ट्यावर भाजल्या गेल्या तर दिवा लागला नाही म्हणून काय बिघडले?

माझी प्राचार्यांना आणि प्राध्यापक मंडळींना नम्र सूचना आहे की, असा एक लहानसा प्रकल्प आपल्या आवारात उभा करावा. पण त्याआधी एक वर्षभर, होय, संपूर्ण एक शैक्षणिक वर्ष, फक्त दोन बादल्या चालवून पाहाव्यात. ती जबाबदारी शिपाईमामांवर न टाकता आम्हा विद्यार्थ्यांवर टाकावी, पाळीपाळीने, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत ती धरावी. वर्षभर आम्हाला साले आणि पिशव्या वेगळ्या ठेवता आल्या, तरच टाकी बांधावी. नाही आल्या तर पैसे ग्रंथालयाला द्यावेत. निदान ते सत्कारणी लागतील. दरवर्षी पर्यावरणदिनी आपण एक रोप लावतो, त्याचे छायाचित्र या वार्षिकात छापतो आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावतो. त्यापेक्षा हे बरे.

परवा मावशीकडे गेले होते. हे सारे तिला उत्साहाने सांगितले. भट्टी, वायू, मेगावॅट, सगळे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आता तुम्ही कचरा तुमच्याकडंच ठेवणार का?" मला एकदम उत्तर सुचले नाही. एवढा लेख लिहूनही तिच्या प्रश्नापुढे मला जाता आलेले नाही. वीज किती निघेल हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तिचाच आहे.

डॉ. काळे यांच्या त्या पद्धतीचे नाव 'निसर्गऋण' असे आहे. हे नाव मला फार आवडते. ऋण म्हटले की ते ज्याचे त्याने फेडायचे असते. शेजारच्या गावाच्या नावावर ते चढवता येत नाही. शहराने बारा-बारा वर्षांच्या कितीतरी खेपा वाट पाहिली. उकिरड्याचे पांग आपोआप फिटतील, कुठले तरी परदेशी यंत्र येऊन ते फेडील, या आशेवर आणखी बारा वर्षे बसायचे, की उद्या सकाळी घंटागाडीची घंटा वाजेल तेव्हा हातात दोन बादल्या घेऊन खाली उतरायचे, एवढेच ठरवायचे आहे.